हातातील खेळ आणि झिरपणारी वीज

वेसावे आणि मढ यांच्यामध्ये खाडीचे जे पाणी पसरले आहे ते ओलांडावयास तरीच्या होडीला थोडकीच मिनिटे लागतात. खुष्कीच्या मार्गाने जावयाचे म्हटल्यास मात्र मालाड-मार्व्यावरून मोठा वळसा घ्यावा लागतो. या होडीत बसलेल्या एखाद्या मुलाच्या हाती खेळयंत्र असावे, वेसाव्याच्या धक्क्यावर त्या यंत्राने निम्मी वीज शिल्लक असल्याचे दाखवावे, आणि होडी मढच्या किनाऱ्याला लागण्यापूर्वीच पडदा काळा व्हावा, हा प्रसंग आजच्या शहरी कुटुंबांपैकी कोणासही अपरिचित वाटणार नाही. घरी पोहोचताच त्याचा निवाडाही तत्काळ होतो. वडील म्हणतात, मुलगा फार खेळला. मुलगा म्हणतो, बॅटरीच वाईट. दुकानदार म्हणतो, नवे घ्या. हे तिन्ही निवाडे पुराव्यावाचून दिलेले असतात, आणि तिन्ही चुकीचे ठरण्याचा पुष्कळ संभव असतो. विनाकारण बोलणी खाणारा मुलगा आणि विनाकारण टाकून दिले जाणारे यंत्र, ही या घाईची दोन फळे होत.

वीज नाहीशी होण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. घट स्वतःच आतून झिजतो, हा पहिला. यंत्र उघडपणे वीज खाते, हा दुसरा. आणि यंत्र निजले आहे असे वाटत असताही ते गुपचूप वीज खात राहते, हा तिसरा. हे तीन मार्ग एकमेकांपासून निराळे ओळखावयास मनुष्याला सव्वादोनशे वर्षे लागली. त्या सव्वादोनशे वर्षांचा वृत्तांत ध्यानात घेतला, तर होडीतल्या मुलाच्या खटल्याचा निकाल लावणे फारसे अवघड राहत नाही.

या वृत्तांताचा आरंभ इटलीत होतो. अलेस्सांद्रो व्होल्टा याने इ. स. १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र धाडून आपला शोध कळविला. जस्ताच्या व चांदीच्या चकत्या एकीवर एक रचून, त्यांच्या प्रत्येक जोडीमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या कापडाचा वा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला, तर त्या चळतीतून अखंड विद्युत्प्रवाह मिळतो, असा तो शोध होता. दोन भिन्न धातू आणि मधे खारे पाणी, एवढेच त्याचे भांडवल. पण या चळतीचा प्रवाह लवकर मंदावत असे. आणि त्याहून नवलाची गोष्ट अशी की, तिच्यापासून काही काम न घेताही जस्त झिजतच राही. पुढे कळून आले ते असे की, बाजारी जस्तात लोखंडादी दुसऱ्या धातूंचे कण मिसळलेले असतात, आणि असा प्रत्येक कण शेजारच्या जस्ताशी मिळून एक चिमुकला घट बनवितो. हे चिमुकले घट कोणाच्याही उपयोगी न पडता आतल्या आत वीज उधळतात. जस्तावर पाऱ्याचा लेप देऊन ही उधळपट्टी बरीच आवरता आली. घट नुसता ठेवला म्हणजे सुरक्षित राहिला, ही समजूत त्या काळीच खोटी ठरली. आजच्या अत्यंत सुधारलेल्या घटालाही हा नियम चुकलेला नाही. त्याची गती तेवढी मंदावली आहे.

फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ साली जस्त, कोळसा व मँगनीज डायॉक्साइड यांचा घट सिद्ध केला, आणि जर्मनीच्या कार्ल गास्नर याने १८८६ च्या सुमारास त्यातील द्रवाचा लगदा करून त्याला कोरडे रूप दिले. घराघरातील विजेरीत जे 'सेल' दोन पिढ्यांनी पाहिले ते याच घटाचे वंशज. विजेरी मंद झाली की सेल काढून उन्हात ठेवावयाचे आणि संध्याकाळी पुन्हा घालावयाचे, ही जुन्या गृहिणींची रीत अगदीच निराधार नव्हती. भरघोस प्रवाह ओढला असता या घटाच्या अंतरंगात क्रियेचे अवशेष साचतात आणि दाब उतरतो. विश्रांती मिळाली की ते अवशेष काहीसे पांगतात आणि घट थोडा वेळ सावरतो. उन्हाचा वाटा त्यात थोडा, विश्रांतीचा मोठा. एकंदर शिकवण ही की, त्याच घटातून किती वीज मिळेल हे तो घट किती मोठा आहे एवढ्यावरच अवलंबून नसते. ती किती घाईने ओढली जाते यावरही ते ठरते.

दुसरा धडा रेडिओने शिकविला. मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. जेथे विजेच्या तारा पोहोचल्या नव्हत्या तेथे त्या काळचे ग्राहकयंत्र घटांवर चालवावे लागे. त्यातील काचेच्या व्हॉल्वमध्ये एक तंतू तापवून लाल ठेवावा लागे, आणि हा तंतूच घटांचा खरा भक्षक होता. गाणे कितीही हळू लावले तरी तंतूचा आहार कमी होत नसे. शिशाचा संचायक घट भरून आणण्याकरिता वरचेवर वाहून न्यावा लागे. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन, ब्रॅटन व शॉक्ली यांच्या उद्योगातून ट्रान्झिस्टर जन्मास आला. त्याला तापविण्याची गरजच नव्हती. तंतू गेला आणि त्याबरोबर त्याची भूकही गेली. १९५४ साली खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला तो घट अचानक मोठे झाले म्हणून नव्हे, तर यंत्र मिताहारी झाले म्हणून. जे तापते अथवा जे उजळते तेच वीज अधिक खाते, हे सूत्र येथे प्रथम सर्वांच्या अनुभवास आले. खेळयंत्राचा पुढील सगळा इतिहास या सूत्राभोवती फिरतो.

जपानमधील निन्टेन्डो ही पत्ते बनविणारी जुनी मंडळी. तेथील गुनपेई योकोई या कल्पक गृहस्थास आगगाडीत एक कंटाळलेला प्रवासी गणकयंत्राची बटणे उगाच दाबीत बसलेला दिसला, आणि त्या दृश्यावरून खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. १९८० साली 'गेम अँड वॉच' या मालिकेचा पहिला खेळ निघाला. घड्याळात घालतात तसल्या बटणाएवढ्या घटांवर तो पुष्कळ दिवस चाले. याचे कारण त्याच्या पडद्यात होते. द्रवस्फटिकाचा हा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. बाहेरून पडलेल्या प्रकाशाला कोठे वाट द्यावयाची आणि कोठे अडवावयाचे एवढेच तो करतो. दिवा लावणे निराळे आणि खिडकीचा पडदा सरकविणे निराळे; दुसऱ्या कामाला श्रम थोडे पडतात. जुन्या, स्वस्त झालेल्या आणि गुणदोष पुरते कळलेल्या साधनांचा नव्या रीतीने उपयोग करावा, हे योकोई यांचे तत्त्व होते.

या तत्त्वाची खरी कसोटी १९८९ साली लागली. त्या वर्षी निन्टेन्डोने 'गेम बॉय' बाजारात आणला. त्याचा पडदा रंगहीन, हिरवट, चारच छटांचा आणि आत दिवा नसलेला. मुलांना तो खिडकीशी किंवा दिव्याखाली धरून खेळावे लागे. त्याच वर्षी अटारीचा 'लिंक्स' निघाला आणि १९९० साली सेगाचा 'गेम गियर' निघाला. दोहोंचे पडदे रंगीत, दोहोंच्या पाठीमागे प्रकाश. दुकानाच्या फळीवर तिन्ही यंत्रे शेजारी मांडली असता गेम बॉयकडे कोणी पाहू नये अशी स्थिती होती. परंतु घरी नेल्यावर हिशेब पालटत असे. गेम गियरमध्ये सहा सेल घालावे लागत आणि ते ३ ते ५ तासांत संपत. म्हणजे तासाला एकाहून अधिक सेल. गेम बॉयमध्ये चार सेल लागत आणि ते १५ तास तरी सहज टिकत. म्हणजे एका सेलावर सुमारे पावणेचार तास. ज्या घरी महिन्याचा खर्च वहीत टिपला जातो त्या घरी या दोन आकड्यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. गेम बॉय आणि त्याचा पुढील रंगीत अवतार मिळून जगात ११ कोटी ८६ लाखांवर यंत्रे खपली. गेम गियरचा खप त्याच्या दशांशाच्या आसपास राहिला. खेळांचा संग्रह, किंमत इत्यादी कारणेही होतीच. पण सेलांच्या खर्चाने या झगड्यात मोठा भाग उचलला यात शंका नाही. मुंबईच्या मुलांपर्यंत पुढे १९९० नंतरच्या दशकात 'ब्रिक गेम' या नावाने जी स्वस्त खेळणी पोहोचली तीही याच मिताहारी पंथातील होती. पडणाऱ्या विटा रचण्याचा तो खेळ, काळ्या ठिपक्यांचा बिनदिव्याचा पडदा, आणि महिनोन् महिने न बदललेले सेल, हे आजच्या पालकांच्या बाळपणातील परिचित चित्र आहे.

यापुढे युग पालटले ते लिथियम-आयन घटामुळे. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांनी १९७० नंतरच्या दशकापासून १९८५ पर्यंत या घटाची एकेक पायरी बांधली. १९९१ साली सोनीने तो विक्रीस आणला, आणि २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांस मिळाले. हलका, पुन्हा पुन्हा भरता येणारा आणि भरपूर वीज साठविणारा हा घट हाती आल्यावर यंत्रे बनविणाऱ्यांचा हात सैल सुटला. २००३ साली निघालेल्या 'गेम बॉय ॲडव्हान्स एसपी' या यंत्रात असा घट होता आणि पडद्यावर पाडावयाचा दिवाही होता. त्याच्या निर्मात्यांनीच दिलेले आकडे मोठे उद्बोधक आहेत. दिवा विझविला तर यंत्र १८ तास चाले. दिवा लावला तर १० तास. घट तोच, खेळ तोच, मूलही तेच. एका दिव्याने आठ तास गिळले. व्हॉल्वमधील तापलेला तंतू पन्नास वर्षांनी पडद्यावरच्या दिव्याच्या रूपाने परत आला होता.

घटाला सरसकट दोषी धरणाऱ्यांना याहूनही ठळक उत्तर 'स्विच' या यंत्राच्या इतिहासात सापडते. मार्च २०१७ मध्ये ते बाजारात आले तेव्हा त्यात ४३१० मिलीअँपियर-तास क्षमतेचा घट होता, आणि खेळानुसार ते अडीच ते साडेसहा तास चाले. २०१९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. घट तेवढाच, ४३१० चाच, राहिला. आतील गणनचकती मात्र अधिक काटकसरी झाली, आणि चालण्याचा काळ साडेचार ते नऊ तासांवर गेला. उलट २०२५ साली निघालेल्या 'स्विच २' मध्ये घट ५२२० मिलीअँपियर-तासांचा, म्हणजे पूर्वीच्याहून मोठा आहे, तरी त्याचा काळ दोन ते साडेसहा तासच सांगितला जातो. कारण पडदा मोठा आणि गणनेचे काम फार वाढलेले. पगार वाढला आणि खर्च त्याहून वाढला, तर महिनाअखेर पूर्वीपेक्षाही ओढग्रस्तीची जाते, हे संसारी मनुष्यास ठाऊकच आहे.

येथवर घटाची झीज आणि यंत्राची उघड भूक यांचा विचार झाला. तिसरा मार्ग गुप्त आहे, आणि तो समजावयास मढचा किल्ला पुरेसा आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला हा छोटा कोट खाडीच्या मुखावर पहारा करण्यासाठी होता. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांच्या हाती आला आणि १७७४ साली इंग्रजांनी घेतला. या एवढ्या काळात त्यावर लढाईचे दिवस किती आले असतील? थोडेच. पण लढाई नसली म्हणून पहाऱ्यावरच्या शिपायाचा शिधा बंद होत नाही. जागे राहणे हेच त्याचे काम, आणि जागे राहणाराला रोज खावे लागते. आजचे खेळयंत्र बटण दाबून 'झोपविले' म्हणजे बंद होत नाही. खेळ जेथे थांबला तेथून क्षणात पुन्हा सुरू व्हावा म्हणून त्याची स्मृती जागी असते, आणि कित्येकदा बिनतारी जाळ्याशी संधान ठेवून ते नवी भर उतरवून घेत असते. २०११ साली निघालेले 'थ्री डी एस' हे यंत्र तर झोपेतही जवळून जाणाऱ्या दुसऱ्या यंत्रांशी निरोपांची देवघेव करीत असे. रात्री निम्मी असलेली वीज सकाळी पाव झाली, तर मुलाने चोरून खेळ केला असे मानण्यापूर्वी या शिपायाचा शिधा मोजला पाहिजे.

मढसारख्या स्थळी आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे खारी हवा. व्होल्टाने दोन धातूंमध्ये खारे पाणी ठेवून वीज उत्पन्न केली. समुद्रकाठची हवा तोच प्रयोग कोणी न सांगता करीत असते. यंत्राच्या जोडाच्या ठिकाणी दोन भिन्न धातू असतात, त्यांवर मिठाचा ओलसर पापुद्रा बसतो, आणि गंज धरू लागतो. गंजाने वाट अरुंद होते. मोठा प्रवाह ओढताच दाब उतरतो आणि घटात वीज असूनही यंत्राला ती संपल्यासारखी भासते. जेथे दोन जोड शेजारी असतात तेथे तोच ओलसर पापुद्रा आडवाट काढून देतो आणि वीज झिरपू लागते. ज्या खेळण्यांत सुटे सेल घालावयाचे असतात त्यांचे जोड कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून घ्यावे आणि वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवावे. नव्या सेलाबरोबर जुना सेल कधीही घालू नये. जुना आधी रिता होतो, नवा त्याच्यातून बळेच प्रवाह ढकलतो आणि जुना फुटून पाझरतो.

न वापरलेल्या घटाची निगा कशी राखावी हे तर मढच्या नाखव्यास विचारावे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीस बंदी असते आणि होड्या विसावतात. होडीवरील दिवे व यंत्रे चालविणारी बॅटरी शिशाची असते. तिचा मूळ घट फ्रान्सच्या प्लांते याने १८५९ साली शोधला. रिती झालेली अशी बॅटरी तशीच दोन महिने पडू दिली तर तिच्या पत्र्यांवर कठीण थर चढतो आणि नारळी पौर्णिमेनंतर ती दगा देते. म्हणून ती भरून, कोरड्या जागी ठेवून, मधून मधून पुन्हा भरावी लागते. खेळयंत्राचा लिथियमचा घट निराळ्या जातीचा असला तरी पूर्ण रिता ठेवण्याने त्याचेही तितकेच नुकसान होते. परीक्षेकरिता कपाटात कोंडलेले यंत्र सहा महिन्यांनी मुळीच भरून घेईनासे होते ते यामुळे. सहा महिन्यांतून एकदा तरी ते भरावे, अशी सूचना निर्मातेही देतात. साठवणीसाठी निम्म्याच्या आसपास वीज ठेवणे चांगले. सदैव पूर्ण भरलेला आणि तापलेला घट लवकर म्हातारा होतो.

आता होडीतल्या त्या मुलाचा खटला चालविता येतो. पुरावा गोळा करावयाचा तो असा. प्रथम एका दिवशी यंत्र पूर्ण भरून, तोच खेळ, तेवढ्याच उजेडात, किती वेळ चालतो ते घड्याळ लावून टिपावे. दुसऱ्या दिवशी पडद्याचा उजेड निम्मा करून आणि बिनतारी संधान तोडून तेच करावे. काळ चांगलाच वाढला तर अपराधी दिवा वा संधान होय. त्यानंतर एक रात्र यंत्र पूर्ण भरून नुसते झोपवून ठेवावे आणि दुसरी रात्र पूर्ण भरूनच, पण संपूर्ण बंद करून. झोपेच्या रात्री वीज गेली आणि बंदच्या रात्री राहिली तर अपराधी पहाऱ्यावरचा शिपाई होय. बंद असताही वीज जात असेल तर मात्र घट किंवा जोड यांवर संशय घ्यावा. निम्मी वीज दाखवून यंत्र एकाएकी विझत असेल, तर बहुधा एक तर घट म्हातारा झालेला असतो किंवा त्याचे मोजमाप चुकलेले असते. यंत्र विजेचे प्रमाण पाण्याच्या टाकीसारखे डोळ्यांनी पाहत नाही. दाब आणि गेलेला प्रवाह यांवरून ते अंदाज बांधते. यंत्र एकदा रिते होईपर्यंत चालवून लगेच पूर्ण भरले तर हा अंदाज पुष्कळदा ताळ्यावर येतो. हा उपाय नित्याचा मात्र करू नये. तरीही दोष राहिला तर घट बदलावा, यंत्र टाकू नये; लॅमिंग्टन रोडवरील जाणत्या कारागिराचे हे नित्याचे काम आहे.

एक गोष्ट मात्र प्रयोगाची नव्हे. घट फुगून यंत्राची पाठ वर आली असेल, तर ते तत्काळ बंद करावे, पुन्हा भरू नये, घट दाबू वा टोचू नये. त्याच्या अंतरंगात वायू साचलेला असतो आणि आग लागण्याचे भय असते. असे घट घरच्या केरात टाकणेही अयोग्य. जुने घट परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम भारत सरकारने २०२२ साली केले आहेत.

व्होल्टाच्या चळतीपासून आजच्या खेळयंत्रापर्यंत घटाची शक्ती कितीतरी पटींनी वाढली, पण तक्रार एकच राहिली: वीज पुरत नाही. प्रत्येक युगात ज्याने केवळ घट मोठा केला तो थोडाच काळ सुखी झाला. ज्याने खर्च कोठे होतो हे शोधले तोच पुढे गेला. मढच्या होडीत विझलेला पडदा याच जुन्या प्रश्नाची आठवण करून देतो. त्याचे उत्तर मुलाला रागे भरण्यात नाही, दुकानाची वाट धरण्यातही नाही. एक घड्याळ, एक वही आणि दोन रात्रींचा धीर एवढे जवळ असले, तर वडील आणि मुलगा मिळून ते घरीच शोधू शकतील. आणि मुलगा निर्दोष ठरला, तर ते त्याला सांगण्यास वडिलांनी विसरू नये.